माहेरी न गेलेली फाईल

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, ओटी भरली गेली आणि चार दिवसांनी धाकटी सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली. प्रवास दोनशे किलोमीटरचा. गाडीत सुक्यामेव्याचे डबे, खारीक-खोबऱ्याच्या पिशव्या, जुन्या मऊ सुती साड्यांची शिवून ठेवलेली दुपटी, सारे आठवणीने ठेवले गेले. दवाखान्याची फाईल मात्र कपाटातच राहिली. ती विसरली म्हणावे, तर तसे नव्हते. तिसऱ्या महिन्यात झालेल्या रक्ततपासणीच्या कागदावर एका ओळीपुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द छापलेला होता आणि तो शब्द व्याह्यांच्या दारात जाऊ नये, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटत होते. तिकडचे डॉक्टर नव्याने तपासतील, करायचे ते करतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

ही हकिगत कोणा एका घराची नाही. नावे-गावे बदलून ती अनेक घरांत घडते. कधी ती उलटही घडते. मुलीला लग्नाआधीच आपल्या आजाराची माहिती असते आणि सासरी कळू नये म्हणून ती पहिल्या तपासणीचा कागद पर्समध्ये घडी करून ठेवते. दोन्ही प्रकारांत लपवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, घराची अब्रू राखण्याचाच असतो. परंतु या एका आजाराच्या बाबतीत अब्रू राखण्याची किंमत जन्माला येणाऱ्या जिवाला मोजावी लागू शकते.

त्या कागदावरील ओळीचे नाव ‘एचबीएसएजी’. पुष्कळ प्रयोगशाळा आजही त्याच्याजवळ ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे छापतात. ते वाचून घरातील एखादे आजोबा हमखास विचारतात, की आपल्याकडून ऑस्ट्रेलियाला कोण गेले होते? प्रश्न भाबडा असला तरी त्याचे उत्तर रंजक आहे. बरूच ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या आसपास जगाच्या निरनिराळ्या भागांतील माणसांच्या रक्ताचे नमुने गोळा करीत होते. माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक फरक शोधणे हे त्यांचे काम होते, कावीळ नव्हे. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या एका रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी जुळून आली. त्या रक्तद्रवात काहीतरी अनोळखी प्रथिन होते. त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडले आणि १९६५ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९६७ मध्ये त्याच प्रयोगशाळेत काम करणारी एक तंत्रज्ञ आजारी पडली, तिने स्वतःचे रक्त तपासले आणि त्यात हेच प्रथिन सापडले. तिला कावीळ झाली होती. शोधत होते एक, हाती लागले दुसरे. हिपॅटायटिस-बी या विषाणूचे बाह्य आवरण त्यांना सापडले होते. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

भारतात गरोदर स्त्रियांची तपासणी केली असता हा विषाणू किती जणींत आढळतो? वेगवेगळ्या शहरांतील रुग्णालयांच्या पाहण्यांचे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण साधारणपणे ते शेकडा एकच्या आसपास घोटाळतात. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोळा केलेल्या रक्तनमुन्यांवरून देशातील सर्वसाधारण प्रमाण ०.९५ टक्के निघाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालातील अंदाज याहून मोठा आहे. त्यानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूसह जगत होते. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण मोजणीच्या रीती वेगळ्या आहेत. पण लहान आकडा खरा धरला, तरी चित्र लहान होत नाही.

व्यापारी घरात ‘शेकडा एक’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. घाऊक व्यापारात एक टक्क्याच्या फरकावर वर्षाचा नफा उभा राहतो किंवा बुडतो. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्यांच्या मातांपैकी शेकडा एक म्हणजे दोन लाखांहून अधिक स्त्रिया झाल्या, प्रतिवर्षी. ज्या प्रसूतिगृहात महिन्याला पन्नास बाळंतपणे होतात, तिथे दर दुसऱ्या महिन्याला अशी एखादी माता येऊन जाते. ती झोपडपट्टीतूनच येते असे नाही. विषाणू जात, पंथ, आहार, उत्पन्न यांपैकी काहीही विचारीत नाही. निर्व्यसनी आणि शाकाहारी घरात तो असू शकत नाही, ही समजूत अनेकांच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि म्हणूनच तो सापडला की धक्का दुप्पट बसतो.

धक्क्यापाठोपाठ येतो तो प्रश्न, ‘हे कुठून आले?’ इथे मोठा अन्याय घडतो. घरात तपासणी झालेली एकटी सूनच असते, कारण ती गरोदर आहे आणि गरोदरपणात ही तपासणी नेमाने केली जाते. तिचा नवरा, दीर, सासरे, नणंद यांच्यापैकी कोणाचीही ही तपासणी कधी झालेली नसते. जिचा दिवा लावला तिच्याच घरात अंधार दिसला, असा हा प्रकार. त्यातून दोन तर्क निघतात आणि दोन्ही तिच्याच चारित्र्याकडे बोट दाखवतात.

वैद्यकशास्त्राचे उत्तर या तर्कांहून फार निराळे आहे. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुयांतून पसरतो हे खरे, पण आपल्या देशात दीर्घकाळ विषाणू बाळगणाऱ्या पुष्कळ लोकांना तो जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी बालपणी घरातूनच मिळालेला असतो. यामागचे कारण शरीराच्या स्वभावात आहे. धडधाकट प्रौढ माणसाला हा संसर्ग झाला, तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांचे शरीर काही महिन्यांत विषाणू हाकलून देते. तोच संसर्ग जन्मतः झाला, तर शंभरांपैकी नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका मानतच नाही. पाहुणा म्हणून आलेला घरचाच होऊन बसतो आणि वीस-पंचवीस वर्षे कोणतीही खूण दाखवत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, भूक मंदावत नाही, थकवा येत नाही. मुलगी शिकते, लग्न करते, गरोदर राहते आणि पहिल्यांदा एका कागदावर तो शब्द वाचते. जिच्यावर संशय घेतला जातो, तिला हा विषाणू बहुधा स्वतःचे पहिले रडणे रडण्याच्या सुमारास मिळालेला असतो.

ज्यांना तो बालपणापासून आहे त्या सर्वांचे वाईट होते, असे नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार दीर्घकाळ संसर्ग असलेल्या प्रौढांपैकी २० ते ३० टक्के जणांना पुढे यकृताचा सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग गाठतो. तो बहुधा चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे ऐन कर्त्या वयात गाठतो. दारूला कधी न शिवलेल्या माणसाला ‘लिव्हर खराब झाले’ असे ऐकावे लागते, तेव्हा नातेवाइकांच्या नजरांत जो प्रश्न उमटतो, तो आजाराइतकाच जिव्हारी लागतो.

‘कावीळ’ हा एकच शब्द अनेक आजारांना पुरवावा लागतो, हीही आपल्या भाषेतील एक अडचण आहे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ वेगळी, ती ए आणि ई या विषाणूंची. त्यांपैकी हिपॅटायटिस-ई गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत फार घातक ठरतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली आणि गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष दिसले. त्या साथीचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. ती साथ ए-ची नव्हती आणि बी-चीही नव्हती, हे १९८० मध्ये स्पष्ट झाले. गाळून, उकळून पाणी पिण्याची ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, त्यांना या पाण्यातल्या काविळीपासून मोठे संरक्षण मिळते. बी-चा मात्र पाण्याशी संबंधच नाही, त्यामुळे तिथे उकळलेले पाणी उपयोगी पडत नाही.

याच गोंधळातून स्वयंपाकघरातील छळ सुरू होतो. सुनेचे ताट-वाटी वेगळे काढले जाते, तिने भरलेला पाण्याचा तांब्या कोणी घेत नाही, जावेच्या मुलांना तिच्या मांडीवर बसू दिले जात नाही. हे सर्व निरर्थक आहे. एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने, मुलाचा पापा घेतल्याने, खोकल्या-शिंकल्याने हा विषाणू पसरत नाही. तिने लाटलेली पोळी कोणालाही चालावी. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश, नखे काढायचे यंत्र आणि मधुमेहींची सुई, म्हणजे ज्या वस्तूंवर रक्ताचा सूक्ष्म अंश राहू शकतो त्या. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. गंमत अशी, की ताट वेगळे काढणाऱ्या घरात नेलकटर मात्र सगळ्यांचा एकच असतो.

दूषित सुईचे काय होते, हे गुजरातमधील मोडासा परिसराने २००९ साली पाहिले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याने तिथे हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि अनेकांचे बळी गेले. या भागाशी नात्यांनी व व्यापाराने जोडलेल्या कित्येक कुटुंबांना ते दिवस आठवत असतील.

आणि मग गावठी उपचार. गळ्यात माळ घालून कावीळ उतरवणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी ‘काढणे’, अमुक गावचे काढ्याचे औषध. पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांत आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. गरोदर स्त्रीला, तिच्या यकृतात विषाणू असताना, घटक ठाऊक नसलेला काढा देणे हे मात्र साधे अज्ञान म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्याने यकृतालाच इजा होऊ शकते.

आईकडून बाळाकडे जाणारी ही वाट अडवता येते, हे जगाला दाखवून दिले ते तैवानने. १९७० च्या दशकात तिथे शंभरातील पंधरा-वीस माणसे विषाणूची वाहक होती. पामर बीझ्ली या अमेरिकन डॉक्टरांनी तैपेईत २२,७०७ सरकारी कर्मचाऱ्यांचा काही वर्षे मागोवा घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष एखाद्या खतावणीइतके स्वच्छ आहेत. त्या काळात यकृताच्या कर्करोगाने ४१ कर्मचारी मरण पावले आणि त्यांपैकी ४० जण विषाणूचे वाहक होते. विषाणू आणि कर्करोग यांच्या नात्याविषयी त्यानंतर फारशी शंका उरली नाही. त्याच डॉक्टरांनी बाळांना जन्मतःच संरक्षण देण्याचेही प्रयोग केले. १९८४ च्या जुलैत तैवानने वाहक मातांच्या नवजात बाळांना लस देण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, दोन वर्षांनी ती सर्वच बाळांसाठी खुली झाली. दहा वर्षांत तैपेईतील मुलांमधील वाहकांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास उतरले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृताचा कर्करोगही जवळजवळ निम्म्यावर आला. कर्करोग रोखणारी मानवाची पहिली लस, असा या लशीचा गौरव होतो तो उगाच नव्हे.

लशीच्या जन्माची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस वाहक माणसांच्या रक्तद्रवातून शुद्ध करून काढावी लागे. १९८६ मध्ये जी दुसरी पद्धत आली, तिच्यात रक्ताची गरजच संपली. विषाणूच्या आवरणाचा संकेत यीस्टच्या पेशीत ठेवून ते प्रथिन यीस्टकडूनच तयार करून घेतले जाऊ लागले. आज भारतात दिली जाणारी लस याच प्रकारची आहे. तिच्यात जिवंत किंवा मृत विषाणूही नसतो, केवळ त्याचे रिकामे कवच असते. म्हणून ती गरोदर स्त्रीलाही देता येते. लशीत काय असते, अशी विचारणा धार्मिक आचार कसोशीने पाळणाऱ्या घरांतून होते आणि ती रास्तही आहे. या लशीबाबत डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, संपूर्ण उत्तर मिळू शकते. परदेशातून येणारी ही लस एके काळी सामान्य कुटुंबाला परवडत नसे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतातच तयार केली, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसह इतरही उत्पादक आले आणि किंमत कित्येक पटींनी खाली आली. स्पर्धेने भाव कसे उतरतात, हे ज्यांच्या रोजच्या व्यवहारातले आहे त्यांना या कहाणीचे विशेष कौतुक वाटेल. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही भागांत प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पासून देशभर लागू झाली.

आता त्या कपाटात राहिलेल्या फाईलकडे.

आईकडून बाळाला संसर्ग होतो तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी येणाऱ्या संपर्कातून. त्यामुळे बाळ जन्मल्यापासूनचे पहिले चोवीस तास हा सर्वांत मोलाचा वेळ. या अवधीत लशीची पहिली मात्रा मिळाली पाहिजे, जितकी लवकर तितकी बरी. ही मात्रा प्रत्येक बाळाला द्यायची असते, आईचा अहवाल काहीही असो. वाहक मातेच्या बाळाला याखेरीज दुसऱ्या मांडीत ‘हिपॅटायटिस-बी इम्युनोग्लोब्युलिन’चे इंजेक्शन द्यावे लागते, शक्यतो पहिल्या बारा तासांत. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्याला वेळ लागतो. हे दुसरे इंजेक्शन तयार प्रतिपिंडेच उसनी देते. भांडवल उभे राहीपर्यंत हातउसने घ्यावे, तसे. दोन्ही वेळेवर मिळाली आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या मात्रा पूर्ण झाल्या, तर दहांतील नऊ किंवा त्याहून अधिक बाळे वाचतात.

काहीच केले नाही तर? आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल, म्हणजे ‘एचबीई अँटिजेन’ही पॉझिटिव्ह असेल, तर शंभरांतील सत्तर ते नव्वद बाळांना संसर्ग होतो. (या ‘ई’चा पाण्यातल्या हिपॅटायटिस-ईशी संबंध नाही. नाव देणाऱ्यांनी इथे थोडी दया दाखवायला हवी होती.)

ही फाईल नसेल तर नेमके काय बिघडते, ते आता दिसते. बाळ रविवारी रात्री दोन वाजता जन्मते. माहेरच्या गावातील प्रसूतिगृह लहान, पण चांगले. डॉक्टर कुशल, परिचारिका मायाळू. लस शीतकपाटात असते, पण बालरोगतज्ज्ञ सोमवारी सकाळी येणार असतात, तोवर थांबले तर काय बिघडते असे सर्वांना वाटते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र लहान गावातील औषधदुकानात बहुधा नसते. ते महाग असते, थंड ठेवावे लागते आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवावे लागते. आठ दिवस आधी कळले असते, तर ते येऊन ठेवले गेले असते. रात्री दोन वाजता, आईला कळा येत असताना, कोणी विचारले आणि कोणी सांगितले, तरी ते सकाळपर्यंत मिळत नाही. आणि कोणी विचारलेच नाही, तर त्याची आठवणही कोणाला होत नाही. कागदाचे छायाचित्र मोबाइलमधून पाठवायला अर्धा मिनिट लागतो. माहेरच्या डॉक्टरांना ते सातव्या महिन्यातच मिळाले असते, तर पुढचे सर्व सुरळीत झाले असते.

सातवा महिना म्हणण्यालाही कारण आहे. आईच्या रक्तातील विषाणूची मोजणी, म्हणजे ‘एचबीव्ही डीएनए’, दोन लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक असेल, तर केवळ लस आणि इम्युनोग्लोब्युलिन काही बाळांत अपुरी पडतात. अशा मातेला अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून ‘टेनोफोव्हिर’ नावाची रोज एक गोळी दिली जाते. त्यामुळे प्रसूतीपर्यंत रक्तातील विषाणू खूप खाली येतो. गरोदरपणात या औषधाचा वापर जगभर झालेला आहे आणि ते सुरक्षित मानले जाते. डोहाळजेवण आणि अठ्ठाविसावा आठवडा हे साधारण एकाच सुमारास येतात. म्हणजे ज्या दिवसांत सून सासरचा दवाखाना सोडून माहेरच्या दवाखान्याकडे निघते, नेमक्या त्याच दिवसांत हा निर्णय व्हायला हवा असतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही प्रथा मायेची आहे, मुलीला तिथे जो विसावा मिळतो तो अन्यत्र मिळत नाही. ती मोडण्याचे काही कारण नाही. पण दोन दवाखान्यांच्या मधल्या त्या दोनशे किलोमीटरमध्ये पुष्कळ काही हरवते.

या आजारासाठी म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. स्तनपानही थांबवू नये. बाळाला लस मिळालेली असेल तर आईचे दूध निर्धोक आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण अनेक घरांत अहवाल कळताच पहिला हुकूम सुटतो तो दुधाच्या डब्याचा. बाळाला आंघोळ घालणारी बाई, सव्वा महिना घराबाहेर न नेण्याची रीत, पाचवी-सहावीचे विधी, यांपैकी कशालाच बाधा येत नाही. फक्त सहाव्या आठवड्याची लस सव्वा महिन्याच्या हिशेबात लांबवू नये. बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाले की त्याचे रक्त तपासून घ्यावे, संसर्ग नाही ना आणि प्रतिपिंडे तयार झाली ना, हे तेव्हा निश्चित कळते. त्याआधी तपासले तर आईकडून आलेल्या आणि उसन्या घेतलेल्या प्रतिपिंडांमुळे दिशाभूल होऊ शकते.

राहता राहिले घरातील इतर. पतीची तपासणी सर्वांत आधी व्हावी. तिच्यासारखाच तोही वाहक असू शकतो, आणि कित्येकदा असतो. नसेल आणि प्रतिपिंडेही नसतील, तर शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या तीन मात्रा घेऊन त्याने स्वतःला सुरक्षित करून घ्यावे. सुनेची आई आणि भावंडे यांची तपासणी तर फारच अगत्याची, कारण विषाणू जन्मतः आला असेल, तर तो एकटीलाच आलेला नसतो. इथे एक नाजूक वळण येते. ‘सासरी लागले’ म्हणणारे माहेर आणि ‘माहेराहून आणले’ म्हणणारे सासर, दोघांनाही आपापल्या बाजूचे रक्त द्यायला नको असते. साठीच्या आईला मुलीमुळे समजते की आपल्यातही तो चाळीस-पन्नास वर्षे होता, आणि ती अपराधी चेहऱ्याने मुलीकडे पाहते. तिला कोणी लस दिली नव्हती, कारण ती जन्मली तेव्हा लस नव्हतीच. विषाणूचेही नुकतेच नाव पडले होते.

महावीर जयंतीला आणि अन्य प्रसंगी समाजातर्फे रक्तदान शिबिरे होतात, त्यांत तरुण मोठ्या संख्येने पुढे येतात. प्रत्येक पिशवीतील रक्ताची हिपॅटायटिस-बीसाठी तपासणी होते. त्यातून एखाद्याला रक्तपेढीचे बोलावणे येते, तो जातो, ऐकतो, आणि ते पत्र दुकानाच्या गल्ल्याखालच्या खणात जाते. लग्न ठरते, होते, पत्नीला काही सांगितले जात नाही. दोन वर्षांनी तिच्या गरोदरपणातील तपासणीत तो शब्द उमटतो, आणि घर तिला विचारते की हे तू कुठून आणलेस. खणातले पत्र खणातच असते.

लग्न जमवताना ही माहिती द्यावी की नाही, हा प्रश्न पालकांना टोचतो. द्यावी, कारण पुढचा उपाय सोपा आहे. ज्याच्याशी लग्न ठरले, त्याने वा तिने तीन मात्रा घ्याव्यात, प्रतिपिंडे तयार झाल्याची तपासणी करून घ्यावी, की पतिपत्नींचे सहजीवन आणि अपत्ये यांत कोणताही अडसर राहत नाही. पत्रिकेतील मंगळासाठी जितकी धावपळ होते, तिच्या दशांशानेही हे काम होते. एवढ्यावरून जमलेले स्थळ मोडणारे पालक आजाराला भिऊन नव्हे, तर ‘लोक काय म्हणतील’ याला भिऊन ते मोडतात.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांतील केंद्रांत त्याखाली तपासण्या व औषधे विनामूल्य मिळतात, वाहक मातांच्या बाळांसाठी इम्युनोग्लोब्युलिनही. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या कुटुंबांना बहुधा याची कल्पनाच नसते. सरकारी म्हणजे आपल्यासाठी नव्हे, अशी एक सवय लागून गेली आहे. या औषधांच्या बाबतीत ती सवय महागात पडते.

बाळ जन्मते, त्याला लस मिळते, बारशाचे पेढे वाटले जातात, आणि जिच्यामुळे हे सारे कळले तिची फाईल बंद होते. प्रसूतीनंतर काही महिने विषाणू अधूनमधून उसळी घेऊ शकतो, यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. टेनोफोव्हिर चालू असेल तर ते कधी थांबवायचे, हे तपासणी करूनच ठरते. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे धोक्याचे. पुढेही दर सहा महिन्यांनी रक्ताची आणि डॉक्टर सांगतील तशी सोनोग्राफीची तपासणी आयुष्यभर करायची असते. त्यात वर्षाकाठी दोन सकाळी जातात. पण त्या दोन सकाळी तिला मोकळ्या कोण करून देणार? बाळाचे दूध, सासऱ्यांची औषधे, सणवार, पाहुणे आणि पुढे मुलाची शाळा, यांत तिचे यकृत कोणाच्याच यादीत नसते, तिच्या स्वतःच्याही नाही. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड देवघराशेजारच्या खणात जपून ठेवलेले असते, प्रत्येक तारीख लाल शाईने लिहिलेली. त्याच कार्डाच्या मागे, एका कोऱ्या रेघेवर, तिच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहायला जागा असते. ती तारीख तिच्या नवऱ्याने लिहावी आणि त्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडावे.